गळालेले चार

रात्रपाळी. कोरचीचं ग्रामीण रुग्णालय.
इन्व्हर्टरवर एकच दिवा, त्याच्याखाली मी
आणि नऊ पानांचा झेरॉक्स,
प्रशिक्षणात मॅडमनी वाटलेला:
सिकलसेलच्या पोरांचं दुखणं
गरम शेकानं उतरतं का?

उतरतं, म्हणतो शेवटचा परिच्छेद.
शेवटचा आधी वाचू नका, मॅडमनी बजावलेलं,
तो लग्नातल्या फोटोसारखा असतो, सगळे हसरे.
आधी बघा पंगतीला कोण बसलं
आणि कोणाला आवतनच नव्हतं.

म्हणून लाल पेन, तापाच्या तक्त्यावर चालतं तेच.
मुलं चौतीस. मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय.
गट पाडले चिठ्ठ्या टाकून. बरं.
चिठ्ठ्या कोणी उचलल्या, लिहिलेलं नाही.
जिनं शेक दिला तिनंच दुखणं मोजलं.
इथं पेन जरा जोरात टेकलं.
आपणच रांधलेल्या भाजीत
मीठ कमी पडलं, असं वाढताना कोण म्हणतं?

दुखणं मोजलं चेहऱ्यांच्या पट्टीवर.
सहा गोल तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
आमच्याकडेही आहे ती, लॅमिनेशन सुटलेली.
पोळ्याच्या पाडव्याला तीन नंबरच्या खाटेवर
रैनू कोरेटी. म्हटलं, ठेव बोट, कोणतं तोंड तुझं?
त्यानं पहिल्यावर ठेवलं.
मी लिहिलं: शून्य.
त्याची माय हळूच म्हणाली,
बाई, तो तुमाले खूश करून राह्यला.
गुडघे पोटाशी, ओठ दातांखाली,
आणि मला खूश करत होता.
रजिस्टरमध्ये ते शून्य अजून तसंच आहे.

पान सहा. शून्य दशांश शून्य चार.
म्हणजे शेकाचा काडीचा उपयोग नसता
तरी निव्वळ योगायोगानं
एवढा किंवा याहून मोठा फरक
शंभरात चारदा दिसलाच असता.
हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं,
लाज वाटत नाही सांगायला.

आणि तक्त्याच्या पायाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
पाठपुराव्यातून गळालेले, चार.
कारण ज्ञात नाही.

मला ज्ञात आहे.
अभ्यासाचा काळ मार्च ते मे.
पहाटे मोह पडतो, घरं रिकामी होतात,
टोपली घेता येणारं पोर झाडाखाली असतं.
एक तिकडे गेला. एकीची बस हुकली.
एक बरा झाला म्हणून आला नाही,
एक बरा होईना म्हणून आला नाही,
आणि हे दोघे एकाच आकड्यात
शेजारी शेजारी बसलेत.

थांब, वनमाला.
हेही तू मनानंच सांगतेस.
तुझ्या या चौघांचा पुरावा कुठाय?
समासात स्वतःसाठीही एक प्रश्नचिन्ह काढलं.

दोनच्या सुमारास मोटरसायकल आली.
झुनकी हलामी, वय नऊ, नडग्या धरून.
डॉक्टरांना उठवलं. सलाईन, दुखण्याचं औषध,
आणि हो, शेकाची पिशवीही.
कागद तिला उचलून धरत नाही,
पण खालीही पाडत नाही,
आणि माझ्या मनगटावर ती सोसवते.
फक्त औषधाच्या ऐवजी नाही, औषधासोबत.

पट्टी खिशातच ठेवली.
इंजेक्शनच्या कुप्यांची दहा झाकणं मांडली,
निळी, लाल, करडी.
जेवढं दुखते तेवढी दे मले.
तिनं नऊ दिली.

पहाटे मी विचारलं नाही.
मला उत्तर कमीच हवं होतं, म्हणून.
मडावी मावशींना पाठवलं;
पिशवी, कागद, काहीच ठाऊक नव्हतं त्यांना.
त्या परत आल्या, ओंजळ उघडली.
तीन झाकणं. म्हणाल्या,
अजून एक हाय तिच्या मुठीत, सोडत नाई.

दुखणं असेल. खेळणंही असेल.
निळं होतं, एवढं मावशींनी पाहिलं.

मी लिहिलं: तीन.
एक मुठीत.
कारण ज्ञात नाही.